एक शब्द, तीन जाती

जालना बियाण्यांसाठी ओळखलं जातं, म्हणून इंग्रजीतला ‘सीड’ हाच शब्द घेऊ. ‘धिस सीड इज गुड’ यात तो नाम. ‘दे सीड द फील्ड’, म्हणजे ते शेत पेरतात. इथं तोच क्रियापद झाला. ‘सीड कंपनी’त तो विशेषणाचं काम करतो. रूप तेच, वाक्यातली जागा बदलली की जात बदलली! मराठीत ‘बी’ वेगळं, ‘पेरणे’ वेगळं, त्यामुळे आपली मुलं इथं अडखळतात. शब्दयोगी अव्ययाचंही तसंच: आपल्याकडे ते नामाला मागून चिकटतं, ‘झाडाखाली’, इंग्रजीत आधी येतं, ‘अंडर द ट्री’. एरवी शब्दांच्या आठही जाती ओळखीच्याच. कारण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर.