रक्ताचा कर्करोग आणि औषधांची बेरीज

रक्ताच्या कर्करोगावर नवे औषध निघाल्याची बातमी आली की आपण ती उत्सुकतेने वाचतो. परंतु या रोगाच्या चिकित्सेत पुष्कळशी प्रगती झाली ती हाताशी असलेलीच औषधे एकत्र कशी द्यावीत, हे शिकल्यामुळे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लिहावे हे काहींना खटकेल. पण यात हिशेबाचा भाग थोडाथोडका नाही.

बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्यूकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन पाहिले व १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे औषध सिद्ध करणाऱ्या पथकाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मुले सुधारली, पण थोड्याच महिन्यांत रोग उलटला. एका औषधाला दाद न देणाऱ्या मूठभर पेशी उरतात आणि त्याच पुढे फोफावतात. क्षयरोगात असेच घडत असे व तेथे दोन-तीन औषधे एकदम देऊन तोड निघाली होती. १९६२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्राय व फ्रायराइख या डॉक्टरांनी तीच युक्ती योजून चार औषधे एकत्र दिली. त्यांतले विनक्रिस्टिन सदाफुलीपासून मिळते. गोकुळ रोडवर आम्ही देवपूजेला तोडतो तीच ही सदाफुली! (म्हणून कोणी तिचा काढा करू नये, ती विषारी आहे.)

मग चाचणी कशाला? कारण गुणांबरोबर अपायांचीही बेरीज होते. दोन औषधे एकाच वेळी अस्थिमज्जेवर घाला घालू लागली तर रोगाआधी उपचारच रोग्याला नेतील. म्हणून आधी किती मात्रा सोसते ते पाहतात, मग गुण येतो का ते, आणि शेवटी नव्या मिश्रणाची प्रचलित उपचाराशी तुलना करतात. कोणता रोगी कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवीत नाहीत. ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते. दुसऱ्या गटाला नुसत्या साखरेच्या गोळ्या देतात असा समज आहे. ल्यूकेमियासारख्या रोगात तसे करीत नाहीत. त्या गटाला त्या वेळचा मान्य उपचार मिळतोच.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे. १९८४ पासून तेथे, तसेच दिल्ली व मद्रास (आताचे चेन्नई) येथे, एम. सी. पी. ८४१ नावाची एकच उपचारपद्धती अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने राबविली गेली. औषधे जुनीच, क्रम व मात्रा मात्र आखून दिलेल्या. लिम्फोब्लास्टिक ल्यूकेमियाच्या तरुण रोग्यांत दीर्घकाळ रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २० हूनही कमी होते, ते ४५ ते ६० वर गेले. जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांवरील सुधारलेल्या शुश्रूषेचाही त्यात वाटा आहे.

आता हिशेब. ज्या औषधाचे पेटंट संपले, ते कोणीही बनवून स्वस्तात विकू शकतो. त्याच्या मिश्रणाची चाचणी करून कंपनीला काय मिळणार? म्हणून अशा चाचण्यांचा भार बहुधा सार्वजनिक पैशावर पडतो. टाटा रुग्णालय केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

राहिला प्रश्न संमतीचा. २०१९ च्या नियमांप्रमाणे रोग्याला कळेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. आमच्या भागात हे वाटते तितके सोपे नाही. कित्येक घरांतली वडीलधारी माणसे बाजारात सफाईने कन्नड बोलतात, पण कन्नड कागद पुढे आला की नातवाला हाक मारतात. आणि इंग्रजी कागद असेल तर नातूही चाचपडतो. अशा वेळी मराठी प्रत मागायला संकोच करू नये. मधेच चाचणीतून बाहेर पडता येते व त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही, हेही विचारून घ्यावे. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार व भरपाई यांची तरतूद नियमांत आहे. सही केलेल्या कागदाची एक प्रत रोग्याकडे राहायला हवी.