फायटर मासा : घरट्यापासून बरणीपर्यंत

वसतिगृह सोडून संसाराला लागलेल्या आमच्या पिढीतील अनेकांच्या घरी आज काचेची लहानशी मत्स्यपेटी दिसते. बहुधा मुलांच्या हट्टाने ती आलेली असते आणि तीत येणारा पहिला मासा बहुधा फायटर असतो. कारण तो स्वस्त, देखणा आणि चिवट आहे. मागील स्नेहमेळाव्यात दोघा-तिघा माजी विद्यार्थ्यांनी आम्हांस विचारले, की याची पिल्ले घरी करता येतात का? त्या वेळी उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत. पिल्ले करता येतात. नर-मादी एकत्र आणून अंडी मिळवणे फारसे अवघड नाही. अवघड आहेत ते त्यानंतरचे तीन महिने, आणि त्यांचा विचार बहुतेकजण अंडी घातली गेल्यावर करू लागतात. आम्हीही तसेच केले होते.

हा मासा मूळचा मध्य थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे, पाणथळ जागा आणि गवताने भरलेले उथळ पाट हे त्याचे घर. थाई भाषेत त्याला ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा, म्हणतात. रानातला मूळ मासा आखूड शेपटीचा आणि मळकट रंगाचा असतो. आपल्या बाजारात दिसणारे लाल-निळे, झुलत्या परांचे नर ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीची करणी आहे. माणूस या माशाला किमान हजार वर्षे पाळत आला असावा, असे त्याच्या जनुकांचा अभ्यास सांगतो. थिओडोर कँटर या डॅनिश वैद्याने १८४९ मध्ये त्याचे वर्णन ‘पुग्नाक्स’, म्हणजे भांडखोर, या नावाखाली केले. पुढे ते नाव वस्तुतः त्याच्या एका भावकीतल्या जातीचे आहे असे ध्यानात आल्यावर चार्ल्स टेट रेगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १९१० मध्ये त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे आजचे नाव दिले. स्प्लेंडेन्स म्हणजे तेजस्वी. बाजाराने मात्र भांडखोर हेच विशेषण जपले. पैजा लावून या माशांच्या झुंजी लावण्याची त्या देशातील चाल जुनी आहे. बहुसंख्य बौद्ध असलेल्या देशात ती टिकून राहिली याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. २०१९ मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने याच माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. रानातली त्याची संख्या मात्र, पाणथळ जागा बुजत गेल्याने, घटत चालली आहे.

त्याच्या शरीररचनेतील एक गोष्ट समजून घेतल्यावाचून पुढचे काहीच उमगणार नाही. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला घड्याघड्यांचे, रक्तवाहिन्यांनी भरलेले एक इंद्रिय असते. त्याची रचना भूलभुलैयासारखी, म्हणून त्यास लॅबिरिंथ इंद्रिय म्हणतात. पृष्ठभागावर येऊन तो तोंडाने हवा घेतो आणि या इंद्रियातून तिचा प्राणवायू रक्तात जातो. उथळ, कोंदट पाण्यात तग धरण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. आणि हिचाच गैरफायदा घेऊन दुकानदार त्याला पेलाभर पाण्यात विकायला ठेवतात. तो पेल्यात मरत नाही याचा अर्थ तो पेल्यात जगतो असा नव्हे. एका माशाला निदान दहा-पंधरा लिटर पाणी, झाकण आणि एक-दोन पाणवनस्पती एवढे तरी मिळायला हवे.

आता जोडीविषयी. नर-मादी दोन्ही चार महिन्यांहून मोठी आणि वर्षाच्या आतली असावीत. दुकानातला नर पुष्कळदा आधीच वयस्क झालेला असतो, हे ध्यानात ठेवावे. मादी नराहून फार लहान नसावी. आठ-दहा दिवस दोघांना डासांच्या अळ्यांसारखे जिवंत खाद्य द्यावे. मादीचे पोट भरदार दिसू लागते आणि पोटाखाली मोहरीहून लहान असा पांढरा ठिपका उठून दिसतो. तो तिच्या अंडमार्गाचा.

वीणीची टाकी वीस-पंचवीस लिटरची, तळ मोकळा, पाण्याची उंची फक्त चार-पाच इंच. उंची कमी का, ते पुढे येईल. नळाचे पाणी निदान एक दिवस उघड्या बादलीत ठेवून क्लोरिन उडू द्यावा. पाण्याचे तापमान २७ ते २९ अंश सेल्सिअस असावे. कोकणात आणि मुंबईत हे वर्षातील बहुतेक काळ आपोआप साधते. विदर्भ-मराठवाड्याच्या हिवाळ्यात हीटरवाचून भागत नाही. टाकीत देशी बदामाचे एक-दोन वाळलेले पान सोडावे. बदामाचे ते रुंद पानांचे, थंडीत तांबडे होऊन गळणारे झाड आपल्याकडे शाळांच्या आवारात सर्रास असते. त्याच्या पानांचा अर्क पाणी चहाच्या रंगाचे करतो, किंचित आम्ल बनवतो आणि बुरशीला आळा घालतो. थायलंडमधील पालकही हेच पान वापरतात. परदेशातले छांदिष्ट ते पाकिटाने विकत घेतात. आपण ते झाडून टाकतो.

पाण्यावर थर्मोकोलच्या पेल्याचा अर्धा तुकडा तरंगत ठेवावा. नर टाकीत एक दिवस रुळला, की मादीला काचेच्या चिमणीत किंवा तळ कापलेल्या स्वच्छ बाटलीत घालून मध्यभागी उभी करावी. नर तिला पाहतो, पर फुलवतो, आणि काही तासांत त्या तुकड्याखाली बुडबुडे रचू लागतो. तोंडातील लाळेने बांधलेला प्रत्येक बुडबुडा टिकाऊ असतो. असे शेकडो बुडबुडे म्हणजे त्याचे घरटे. घरटे नीट झाल्यावर आणि मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसू लागल्यावरच तिला मोकळी करावी. तिला लपायला वनस्पती हवीच, कारण पहिले काही तास तो तिचा पाठलाग करतो, चावतोही. पर थोडे फाटले तर घाबरू नये. परंतु मादी कोपऱ्यात निपचित पडत असेल तर त्या दिवशी प्रयत्न सोडून तिला बाहेर काढावी. अंड्यांपेक्षा मादी महत्त्वाची.

मग जे घडते ते पाहण्यासाठी आमच्या घरी एकदा रात्रीचे जेवण थंड झाले. घरट्याखाली नर मादीभोवती कमानीसारखा वळतो आणि तिला कवटाळतो. क्षणभर दोघे निश्चल. मिठी सुटते, मादी गुंगी आल्यासारखी तरंगत राहते, आणि तिच्याखालून पांढऱ्या कणांसारखी अंडी तळाकडे जाऊ लागतात. नर खाली झेपावतो, एकेक अंडे तोंडात वेचतो आणि वर नेऊन बुडबुड्यांत बसवतो. काही माद्याही या कामात हात लावतात. पुन्हा मिठी, पुन्हा वेचणी. असे दोन-तीन तास. एकूण अंडी शंभरापासून चारशेपर्यंत भरू शकतात.

ते संपताच मादीला हलक्या हाताने काढून वेगळी ठेवावी, नाही तर घरट्याचा राखणदार तिलाच शत्रू समजतो. येथून पुढे सारा संसार बापाकडे. तो फुटलेले बुडबुडे नवे करतो आणि घसरलेले अंडे उचलून परत लावतो. अन्नाकडे फारसे पाहत नाही. दीड-दोन दिवसांत अंडी उबतात आणि घरट्यातून शेपट्या खाली लोंबू लागतात. नवजात पिल्लाला पोहता येत नाही. ते तळाकडे पडते आणि बाप ते तोंडात झेलून वर ठेवतो. पाणी उथळ ठेवायचे ते यासाठी. झुंजीसाठी ज्याची ख्याती, त्याच तोंडात हे काम दिवसरात्र चालते. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्ले आडवी होऊन स्वतः पोहू लागली, की बापाचे काम संपले. त्याला काढून भरपूर खाऊ घालावे आणि विश्रांती द्यावी.

खरी परीक्षा आता सुरू होते. पिल्लांच्या पोटाखालची बलकाची पिशवी संपलेली असते आणि तोंड इतके लहान की बाजारातले कोरडे खाद्य त्यांच्या कामाचे नाही. त्यांना हलणारे, सूक्ष्म अन्न हवे. त्याची तयारी जोडी लावण्याआधी आठवडाभर करावी : बरणीत टाकीचे पाणी, त्यात कोबीचे पान किंवा केळीच्या सालीचा तुकडा, आणि बरणी उजेडात. पाणी आधी गढूळ होते, दर्प येतो, मग ते निवळते. निवळले म्हणजे सूक्ष्मजीव वाढले. हे थेंब-थेंब दिवसातून तीन-चारदा द्यावे. चार-पाच दिवसांनी आर्टेमियाची नुकती उबलेली पिल्ले देता येतात. त्याची अंडी मिठाच्या पाण्यात, हवेच्या पंपाने घुसळत ठेवली की एक-दीड दिवसात उबतात. नारिंगी पिल्ले गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्यावीत. हे खाल्लेल्या पिल्लांची पोटे नारिंगी दिसतात, त्यावरून कोण उपाशी ते कळते. स्पंज फिल्टर अगदी मंद चालवावा.

आमची पहिली वीण आमच्या चुकीने गेली. सव्वाशेच्या आसपास पिल्ले तीन आठवड्यांची झाली होती, महिना डिसेंबरचा. शेवाळ खरवडताना टाकीवरची काच काढली आणि रात्रभर तशीच राहिली. पाण्यात हीटर होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. परंतु याच वयाच्या सुमारास पिल्लांचे लॅबिरिंथ इंद्रिय घडत असते आणि ती हवेसाठी वर येऊ लागतात. तेव्हा पाण्यावरची हवादेखील उबदार आणि दमट लागते. चार दिवसांत अकरा पिल्ले उरली. तेव्हापासून झाकणावर आम्ही कागद चिकटवून ठेवतो आणि घरातील कोणीही काच काढली तर वेळ लिहून ठेवतो.

दुसऱ्या खेपेस साठ जगली, आणि दुसरेच संकट उभे राहिले. दोन-अडीच महिन्यांनी नर ओळखू येऊ लागतात, एकमेकांचे पर कुरतडतात, आणि प्रत्येकाला वेगळी जागा द्यावी लागते. माद्या मोठ्या टाकीत बहुधा एकत्र राहू शकतात, नर नाही. साठांत तीस नर धरले आणि प्रत्येकाला तात्पुरती दोन लिटरची बरणी दिली, तरी एक दिवसाआड निम्मे पाणी बदलायला तीस लिटर शिळवलेले पाणी लागते. ज्यांच्या गावी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते त्यांनी हा हिशेब आधी करावा. काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम, एवढाच दिलासा. बरण्यांच्या मध्ये पुठ्ठे उभे करावेत. सतत एकमेकांसमोर पर फुलवून नर थकतात.

व्यावसायिक पालक वाकड्या शेपटीची, फिक्या रंगाची पिल्ले सरळ काढून टाकतात. आम्हांस ते जमले नाही आणि जमावे अशी इच्छाही नाही. एका स्नेह्याने सुचवले, की वैशाख पौर्णिमेला गावतळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल. भावना चांगली, परंतु लांब पर घेऊन हा मासा बगळ्यापुढे पळू शकत नाही, आणि जो जगेल तो आपले रोग तळ्यातल्या देशी माशांना देईल. विहीर, ओढा, तळे यांत पाळलेला परदेशी मासा सोडू नये. म्हणून आमच्या घरी आता जोडी वर्षातून एकदाच लागते, तीही घरे ठरल्यावर. मागणाऱ्यांची यादी आधी होते, मग मादी बाटलीत उतरते. यादी वीसच्या खाली असेल तर त्या वर्षी नर घरटे बांधतो, आम्ही ते पाहतो आणि मादीला तिच्या टाकीतच राहू देतो.

पिल्लू न्यायला येणाऱ्याने दहा लिटरची झाकणाची टाकी घेऊन यावे, अशी आमची अट आहे. सोबत बदामाची चार वाळलेली पाने आमच्याकडून.