भंगारांतून उभारलेला वेग

मोटार विकत घेण्यास पैसा पुरतो. ती घडविण्यास बुद्धि, हात आणि चिकाटी हीं तिन्ही लागतात. अमेरिकेंत, कॅलिफोर्निया संस्थानाच्या दक्षिण भागांत, १९३० नंतर कांहीं तरुणांनीं हा दुसरा मार्ग धरला. त्यांनीं घडविलेल्या गाड्यांना पुढें ‘हॉट रॉड’ हें नांव पडलें.

हे तरुण बहुधा खिशानें रिकामे होते. परंतु हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून १९०८ ते १९२७ या काळांत ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटींवर मोटारी बाहेर पडल्या होत्या, व जुन्या झाल्यावर त्या अगदीं स्वस्त मिळूं लागल्या. १९३२ मध्यें फोर्डनें आठ सिलिंडरांचें, ६५ अश्वशक्तीचें ‘व्ही-एट’ इंजिन माफक किंमतीच्या मोटारींत आणलें. मोडीत निघालेल्या गाडीचें असें इंजिन हलक्या सांगाड्यांत बसवावयाचें आणि मडगार्ड, टप वगैरे उतरवून वजन घटवावयाचें, ही त्यांची पहिली युक्ति.

खरें कौशल्य पुढेंच होतें. इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण जितकें अधिक शिरेल आणि पेटण्यापूर्वीं जितकें अधिक दाबलें जाईल, तितका त्याचा जोर वाढतो. एड विनफील्ड यानें झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टला व कार्ब्युरेटरला नवी घडण दिली. विक एडेलब्रॉक यानें मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा सुधारलेला मॅनिफोल्ड तयार केला. त्यांतूनच त्याचा मोठा धंदा उभा राहिला.

या गाड्यांची परीक्षा मोहावेच्या वाळवंटांत होई. तेथील म्युरॉक व एल मिराज या कोरड्या सरोवरांचे तळ मैलोगणती सपाट आहेत. १९३७ मध्यें अनेक मंडळांनीं मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापिली आणि वर्गवारी, नियम व वेळ मोजण्याची व्यवस्था तिच्याकडे दिली. व्हीडा ऑर ही बाईही या शर्यतींत उतरली. महायुद्धाच्या काळांत तिनें एक वार्तापत्र चालवून रणांगणावरील मित्रांना ही आवडती वार्ता पोंचविली. युद्ध संपतांच, १९४६ मध्यें, बिल बर्क यानें विमानाच्या टाकाऊ पेट्रोल-टाकीची गाडी बनविली! १९४८ मध्यें स्टुअर्ट हिलबॉर्नच्या गाडीनें त्या सरोवरावर ताशीं १५० मैलांची मर्यादा ओलांडली. इंधन फवारण्याची योजना पुढें त्याच्याच नांवानें प्रसिद्ध झाली.

परंतु सगळेच वाळवंटांत जात नसत. कित्येक उतावळे तरुण रात्रीं शहरांतील रस्त्यांवरच शर्यती लावीत. त्यांत जीव जात, आणि ‘हॉट रॉड’ म्हणजे उनाड पोरांचा जीवघेणा खेळ, असा लोकांचा ग्रह होई. पोलिसांचा धाक होताच. पण केवळ धाकानें हौस मरत नाहीं. जाणत्यांनीं निराळा उपाय केला. १९५० मध्यें सांता आना येथील विमानतळावर शर्यतीची रीतसर पट्टी सुरू झाली. १९५१ मध्यें वॉली पार्क्स यानें ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापिली. गाडीची तपासणी, ठराविक अंतर, सुरक्षिततेचे नियम आणि अचूक घड्याळ यांमुळें त्या वेडाला शिस्त लागली.

आपल्या घरांतही एखाद्या मुलाचे हात तेलानें काळे झालेले दिसले, कीं त्याचा अभ्यास बुडाला असें वडीलधारी मंडळी धरून चालतात. वरील हकीकत वेगळें सांगते. त्या काळ्या हातांतून नवें यंत्रज्ञान निघालें. आणि जेथें जागा व नियम मिळाले नाहींत, तेथें त्याच हौसेनें रस्त्यावर बळी घेतले. म्हणून मुलाच्या हातांतील पाना हिसकावून घेण्यापूर्वीं त्यास योग्य जागा व योग्य शिक्षक मिळवून देणें, हेंच शहाणपणाचें.