पुली, पाना आणि दोन टनांचे बल

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथून जळगाव, भुसावळकडे जाताना रस्त्याच्या कडेला लहानमोठी गॅरेजे जागोजागी लागतात. त्यांतल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या पेटीत आटे पाडलेला एक गज, दोन-तीन नट, जाड वॉशर आणि एक जुने बेअरिंग एकत्र बांधून ठेवलेले सापडेल. इंजिनाची पुढची पुली परत बसवण्याचे हे घरगुती अवजार. अकरावीच्या यंत्रशास्त्राचा बराचसा भाग त्यात सामावलेला आहे.

दट्ट्यांच्या खालीवर हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्या पुढच्या टोकावर पट्ट्याची पुली असते. अनेक इंजिनांत पुलीचे भोक दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवतात. दांडा 30 मिलिमीटरचा, तर भोक सुमारे 0.03 मिलिमीटरने कमी. या घट्टपणामुळे पुली दांड्याला चिकटून राहते. आगगाडीची चाकेही आसावर अशीच दाबून बसवतात. मात्र आमच्या हिशेबाने एवढ्या फरकाची, 40 मिलिमीटर लांबीची पुली आत सरकवायला शेवटी दोनएक टन वजनाइतके बल लागते. ते आणायचे कुठून?

खानदेशातल्या बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतात ते विद्यार्थ्यांना आठवत असेल. लोखंडी कडे गोवऱ्यांच्या विस्तवात तापवायचे, फुगले की लाकडी चाकावर घालायचे आणि वर पाणी ओतायचे. चार मीटर घेराची धाव 400 अंशांनी तापली तर घेर सुमारे 19 मिलिमीटरने वाढतो. आपली पुलीही 100 अंशांनी तापवली की जेमतेम हवी तेवढी फुगेल. पण कित्येक पुल्यांत आतला तुंबा आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये कंपने शोषणारा रबराचा थर असतो, आणि लगतच ऑइल सील असते. तापवण्याने दोन्ही बिघडतात.

मग हातोडा? एक किलोचा हातोडा सेकंदाला 5 मीटर वेगाने येऊन सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात थांबला, तर सरासरी बल एक टन भरते. बल पुरेसे वाटते, पण ते जाते कुठे हे पाहिले पाहिजे. घाव पुलीतून दांड्यात, दांड्यातून त्याला मागेपुढे सरकू न देणाऱ्या पातळ थ्रस्ट वॉशरांवर आणि तिथून इंजिनाच्या ठोकळ्यावर जातो. बिडाची पुली असेल तर तीही तडकते. एका पुलीपायी सगळे इंजिन उघडण्याची वेळ येते.

तिसरी तऱ्हा मोहात पाडणारी आहे: पुलीचा मूळ बोल्टच लावून आवळत जायचे. पुली अजून बाहेर असताना हा बोल्ट दांड्याच्या आतल्या तीन-चार आट्यांनाच धरतो. दोन टनांचा भार त्या तीन-चार आट्यांवर आला की ते सोलून निघतात. बोल्ट नवा आणता येतो. आटे गेलेला क्रँकशाफ्ट सहजी मिळत नाही आणि महागही पडतो.

घरगुती अवजार नेमके हे टाळते. त्याच मापाच्या आट्यांचा लांब गज दांड्याच्या टोकात निदान त्याच्या व्यासाइतका, शक्यतो दीडपट, आत फिरवायचा. त्यावर पुली, जाड वॉशर, बेअरिंग आणि नट. गज दुसऱ्या पान्याने धरून नट फिरवला की पुली आत सरकते. गज दांड्याला जेवढ्या बलाने बाहेर ओढतो, तेवढ्याच बलाने पुली दांड्याला आत ढकलते. एकाच दांड्यावर लागणारी ही दोन विरुद्ध बले दांड्याच्या टोकातच एकमेकांना मिटवतात. थ्रस्ट वॉशरपर्यंत काही पोचत नाही. वर्गात हे दाखवायचे असेल तर बोल्टवर दोन वॉशरांमध्ये रबरी बूच घालून सगळे तानकाट्याला टांगा आणि वजन पाहा. नट आवळून बूच चेपल्यावर पुन्हा पाहा. काटा हलत नाही.

आता बलाचा हिशेब. 12 मिलिमीटरचा गज, दोन आट्यांमधले अंतर 1.25 मिलिमीटर, पाना 30 सेंटिमीटर लांब, हाताचा जोर 15 किलो. घर्षण नसते तर बल 1,500 पट, म्हणजे 22 टन झाले असते! प्रत्यक्षात जेमतेम दोन टन मिळतात. उरलेले घर्षण खाते, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा नटाच्या तळाशी असतो. बेअरिंग घालतात ते यासाठीच. ते अक्षाच्या दिशेचा दाब सोसणारे, थ्रस्ट जातीचे हवे. तेवढ्याच जोरात मग जवळपास दुप्पट बल मिळते.

इथेच धोकाही आहे. बाजारातला साधा मऊ पोलादाचा 12 मिलिमीटरचा गज दोन-सव्वादोन टनांनाच कायमचा ताणला जाऊ लागतो. गज 8.8 प्रतीचा, पाच टन सोसणारा घ्यावा, आट्यांना वंगण लावावे आणि आवळताना तोंड गजाच्या रेषेत ठेवू नये.

पुली टेकली की पाना एकदम जड होतो. मग गज काढून मूळ बोल्ट लावायचा आणि उत्पादकाने दिलेल्या पिळाइतका आवळायचा. त्याच्याखाली बेअरिंग नको. तिथले घर्षणच बोल्टाला सैल होऊ देत नाही.