नळीत शिरलेली हवा

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी हे गाव आहे. जवळच वडीगोद्रीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेले ट्रॅक्टर अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे रात्रंदिवस धावू लागतात. अशा वेळी गावाकडून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला महामार्गाच्या तोंडाशी क्षणभर थांबावेच लागते.

समजा, अशाच एका सकाळी गावातील एक तरुण आपल्या आजारी आजीला मोटारीतून अंबडच्या रुग्णालयात नेत आहे. महामार्गापाशी येऊन तो थांबला. पहिला गिअर टाकलेला होता, डाव्या पायाखाली क्लचचे पेडल पुरते दाबलेले होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. एवढ्यात मोटार आपोआप पुढे सरकू लागली! तरुणाने झटकन ब्रेक दाबला. इंजिनाने एक हिसका दिला आणि ते बंद पडले. ट्रॅक्टर हातभर अंतरावरून निघून गेला. आजीला शेजाऱ्याच्या गाडीने पुढे पाठवावे लागले. पेडल दाबलेले असताना मोटार पुढे गेलीच कशी?

हे समजण्यासाठी क्लचचे काम काय, ते आधी पाहिले पाहिजे. मोटार उभी असली तरी चालू इंजिन फिरतच असते. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची सोडजोड करणारा जो भाग, तोच क्लच. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील नावाचे एक जड चक्र असते. त्याला एक खरखरीत तबकडी घट्ट दाबून धरलेली असते. तिला क्लच प्लेट म्हणतात. दोन्ही एकमेकांस चिकटून असली, की इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोहोचते. पेडल दाबले, की हा दाब सुटतो, तबकडी मोकळी होते आणि इंजिन एकटेच फिरत राहते.

आता पायाचा जोर तबकडीपर्यंत नेणार कोण? काही मोटारींत हे काम तार करते. पुष्कळ मोटारींत मात्र ते एका नळीतील द्रव करतो. पेडलाजवळ एक लहान नळकांडे असते. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. गिअरबॉक्सजवळ दुसरे असते. तो स्लेव्ह सिलिंडर. दोहोंत एकेक दट्ट्या असतो आणि दोहोंना जोडणारी नळी ब्रेक ऑइलने काठोकाठ भरलेली असते. पेडल दाबताच पहिला दट्ट्या द्रवाला ढकलतो आणि तो द्रव दुसऱ्या दट्ट्याला बाहेर लोटतो.

या रचनेच्या मुळाशी जो नियम आहे, तो ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, असा हा नियम. मग दुसऱ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या दुप्पट ठेवले, तर जोरही दुप्पट मिळतो. पण निसर्ग फुकट काही देत नाही! जोर दुप्पट झाला, की सरकण्याचे अंतर निम्मे होते. म्हणून पाय बराच खाली गेला, तरी स्लेव्ह सिलिंडरचा दांडा जेमतेम एक-दीड सेंटिमीटर पुढे येतो. त्यातले थोडेसे अंतर वाया गेले, तरी तबकडी पुरती सुटत नाही.

ते वाया कसे जाते, हे घरीच पाहता येईल. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या आणि त्यांची तोंडे एका लवचीक नळीने जोडा. सर्व पाण्याने भरून एकीचा दट्ट्या दाबा. दुसरीचा लगेच बाहेर येईल. आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. पहिला दट्ट्या आत जाईल, पण दुसरा रेंगाळत हलेल. पाणी दाबाने जवळजवळ आक्रसत नाही, हवा मात्र स्पंजासारखी चेपते. आपल्या शेतकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली, की मोटर गरगर फिरते आणि पाण्याचा थेंब चढत नाही. हवेचा खोडसाळपणा दोन्हीकडे थोडा निराळा असला, तरी उपाय एकच : आतली हवा काढून तेथे द्रव भरणे.

तरुणाने पेडल तीन-चार वेळा भराभर दाबून पाहिले. क्लच पुन्हा थोडा काम करू लागला, म्हणून तो मोटार हळूहळू वडीगोद्रीच्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेला.

"काका, क्लच प्लेट गेली असेल. बदलूनच टाका," तो म्हणाला.

"आधी पाहू तर दे, बाळा," मिस्त्री म्हणाले. "प्लेट झिजली, की इंजिन ओरडते आणि गाडी वेग घेत नाही. तुझी गाडी तर थांबायला तयार नाही!"

मिस्त्रींचा हा भेद महत्त्वाचा होता. तबकडी घसरणे आणि तबकडी न सुटणे हे दोन वेगळे रोग आहेत. तो ओळखला नाही, तर गिअरबॉक्स उतरवण्याचा मोठा खर्च होऊनही दोष जागच्या जागी राहतो.

मिस्त्रींनी प्रथम द्रवाची डबी पाहिली. पातळी खालच्या रेषेच्याही खाली होती. तरुण म्हणाला, "महिन्याला थोडे ऑइल भरतो मी." मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. ब्रेक ऑइल हे काही पेट्रोल नव्हे. ते जळून संपत नाही. क्लचची तबकडी झिजली तर स्लेव्हचा दट्ट्या मागे सरतो आणि थोडा द्रव उलट डबीत परततो. ब्रेकचे पॅड झिजले तर मात्र पातळी हळूहळू उतरते. पण दर महिन्याला भरावे लागणे म्हणजे कोठे तरी गळती आहे, हे निश्चित. कित्येक मोटारींत क्लच आणि ब्रेक यांना एकाच डबीतून द्रव मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही बेपर्वाई किती घातक, ते कळेल.

मग त्यांनी द्रवाचा माग काढला. पेडलामागची जागा कोरडी होती. नळीचे सांधे कोरडे होते; रबरी नळीला फुगवटा नव्हता. ते गाडीखाली शिरले आणि तरुणाला पेडल दाबून धरण्यास सांगितले. स्लेव्ह सिलिंडरचा दांडा थोडासाच पुढे आला आणि लगेच मागे येऊ लागला. वरचे रबरी आवरण मागे सारताच आतून द्रवाचे थेंब टपटपले. दोष सापडला! आतील रबरी सील झिजले होते. दाबाखाली द्रव बाहेर जाई आणि पातळी घटल्यावर त्याच्या जागी हवा शिरे. दांडा पुरता पुढे आला असता, तर मात्र दोष आतील बेअरिंगमध्ये किंवा तबकडीत शोधावा लागला असता. कोठेही ओल नसताना पेडल खाली बसत गेले असते, तर संशय मास्टर सिलिंडरच्या सीलवर जाता.

या मोटारीचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर होता, हे भाग्यच. काही मोटारींत तो आत बसवलेला असतो. तेव्हा सील बदलण्यासाठीही गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मिस्त्रींनी नवा सिलिंडर बसवला आणि डबीवर लिहिलेल्या प्रकारचे, ताजे ब्रेक ऑइल भरले. इंजिन ऑइल येथे कदापि चालत नाही. त्याने सीलचे रबर फुगून खराब होते. उघड्या डब्यातील जुने ब्रेक ऑइलही नको, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते. शिवाय ते रंग उखडवते आणि डोळ्यांना इजा करते, म्हणून मिस्त्रींनी चष्मा लावला होता.

उरले ते हवा काढण्याचे काम. त्याला दोन माणसे लागतात. सिलिंडरवरच्या लहान निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक द्रव असलेल्या बाटलीत बुडवले.

"दाब… धर!" मिस्त्रींनी पान्याने निपल सैल केले. बाटलीत बुडबुड्यांची रांगच आली. निपल घट्ट केले. "आता सोड." तरुणाने पाय आधी उचलला असता, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली गेली असती. दर चार-पाच वेळांनी डबीत द्रवाची भर घालीत हा खेळ पंधरा-वीस वेळा चालला. शेवटी नळीतून केवळ स्वच्छ द्रव येऊ लागला. पेडल आता घट्ट लागत होते.

मोकळ्या जागेत, दुसरा पाय ब्रेकवर ठेवून, तरुणाने पहिला गिअर टाकला आणि मग पाय ब्रेकवरून हळूच काढला. मोटार हलली नाही. मागचा गिअरही आवाज न करता पडला. मिस्त्रींनी डबीवर द्रवाच्या पातळीशी एक बारीक रेघ ओढली आणि आठ दिवसांनी ती पाहण्यास सांगितले.

संध्याकाळी तरुण आजीला आणण्यासाठी अंबडला गेला. महामार्गाच्या तोंडाशी उसाच्या तीन गाड्या ओळीने जाईपर्यंत मोटार जागच्या जागी उभी होती.