जाळीजवळची ज्वाला

१४ ऑक्टोबर २०१० हा दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेचा शेवटचा दिवस. हॉकीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपला ८-० असा धुव्वा उडवला. पदकतक्त्यात इंग्लंडला मागे टाकायचं, तर सगळी भिस्त सिरी फोर्टच्या बॅडमिंटन हॉलवर होती. तिथे त्या दिवशी दोन सुवर्णपदकं आली. सायना नेहवालचं आजही सगळ्यांना आठवतं. दुसरं कुणाचं, असं विचारलं की समोरचा जरा थांबतो. ते महिला दुहेरीचं. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी सिंगापूरच्या शिंता मुलिया सारी आणि याओ लेई या जोडीला २१-१६, २१-१९ असं हरवलं होतं. शेवटी भारताची सुवर्णपदकं झाली ३८ आणि इंग्लंडची ३७. दुहेरीचं ते एक पदक नसतं, तर ३७-३७ अशी बरोबरी होऊन रौप्यपदकांच्या जोरावर इंग्लंड दुसरं आलं असतं.

दुहेरीच्या वाट्याला आपल्याकडे नेहमी हेच आलं. पराक्रम वहीत नोंदला जातो, लोकांच्या तोंडी मात्र येत नाही. १९७८ साली एडमंटनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांनी महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये आपला प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्य आणलं. तरी क्लबात खेळायला आलेल्या पोराला प्रकाश पदुकोणच व्हायचं असायचं. एकेरीत जमलं नाही की मग दुहेरी, असा सगळा रिवाज. ज्वालाची गोष्ट वेगळी, ती इथेच. तिने दुहेरी पहिल्या पसंतीने पत्करली आणि दुहेरीवाल्यांनाही पहिल्या पंक्तीत बसवा म्हणून आयुष्यभर भांडली.

तिचा जन्म वर्ध्याचा, ७ सप्टेंबर १९८३चा. वडील क्रांती तेलुगू, आई येलन चिनी. गांधीजींच्या लेखनाचा चिनी अनुवाद करणाऱ्या आपल्या आजोबांना मदत करायला म्हणून येलन भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे कुटुंब हैदराबादला गेलं. तिथे एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली ज्वाला तयार झाली. पुलेला गोपीचंदही आरिफ सरांचाच शिष्य. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. श्रुती कुरियनबरोबर तिने वर्षानुवर्षं राष्ट्रीय विजेतेपद दुसऱ्या कुणाला मिळू दिलं नाही.

तिचा खेळ समजून घ्यायचा, तर आधी दुहेरीचं कोर्ट डोळ्यांपुढे आणायला हवं. एकेरीच्या कोर्टाची रुंदी ५.१८ मीटर, दुहेरीची ६.१०. उलट दुहेरीत सर्व्हिसची मागची रेषा पाऊण मीटर अलीकडे असते. त्यामुळे उंच आणि लांब सर्व्हिस करून वेळ काढता येत नाही. जाळीला घासून जाणारी आखूड सर्व्हिसच टाकावी लागते. ती इंचभर उंच गेली की समोरचा तुटून पडलाच. म्हणजे रॅलीचा कल बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार फटक्यांत ठरतो. हल्ला करताना जोडीतली एक पुढे आणि एक मागे. बचाव करताना दोघी शेजारी-शेजारी. ही अदलाबदल बोलून होत नाही. ती सरावाने अंगात मुरावी लागते.

ज्वाला डावखुरी, अश्विनी उजवी. जागा बदलताना दोघींचा फोरहँड कधी बाहेरच्या, तर कधी मधल्या बाजूला येतो. कमकुवत कोपरा कुठला, हे समोरच्या जोडीला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. मागून अश्विनीचा स्मॅश यायचा. त्याची ताकद महिला दुहेरीत विरळाच. आणि त्या स्मॅशवर कसंबसं परत आलेलं फूल टिपायला पुढे ज्वाला उभी. पायांनी ती चपळ होती असं कुणी म्हणणार नाही. पण मनगट हलकं आणि नजर चोरटी. मारणार असं वाटावं आणि तिने फूल अलगद जाळीपलीकडे सोडावं. टाळ्या स्मॅशला पडतात. तो स्मॅश मारायची संधी कुणी तयार केली, ते टीव्हीवरच्या रीप्लेमध्येही क्वचितच दिसतं.

मिश्र दुहेरीत व्ही. दिजूबरोबर २००९ साली तिने तैपेईची ग्रां-प्री गोल्ड स्पर्धा जिंकली आणि सुपर सीरीज मास्टर्सच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. जागतिक क्रमवारीत ही जोडी सहाव्या क्रमांकापर्यंत गेली होती. त्या काळात भारतीय जोडीसाठी हे आक्रीतच. २०११ साली लंडनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ज्वाला-अश्विनीने कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत भारताला याआधीचं पदक १९८३ साली प्रकाश पदुकोणने मिळवून दिलं होतं. म्हणजे ज्वाला जन्मली त्याच वर्षी. भारतीय महिलांचं तर हे पहिलंच. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

पुढच्या वर्षी लंडनलाच ऑलिंपिक झालं. त्यात ज्वाला बॅडमिंटनच्या दोन प्रकारांत उतरली. मिश्र दुहेरीत काही हाती लागलं नाही. महिला दुहेरीत मात्र जपानकडून हरल्यावर ज्वाला-अश्विनीने चिनी तैपेईला २५-२३, १६-२१, २१-१८ असं नमवलं आणि मग सिंगापूरलाही हरवलं. गटात तैपेई, जपान आणि भारत यांचे प्रत्येकी दोन विजय झाले. तैपेई पुढे गेली. जपान आणि भारत यांच्यातला निकाल गुणांच्या फरकावर लागला आणि भारत एका गुणाने बाहेर पडला. एका! जपानने तैपेईविरुद्धचा सामना मनापासून खेळला नाही, अशी तक्रार भारताने केली होती. ती मान्य झाली नाही. त्याच स्पर्धेत मुद्दाम हरू पाहणाऱ्या चार जोड्या बाद झाल्या, पण त्या दुसऱ्या गटांतल्या. जपानच्या फुजी आणि काकिवा यांनी पुढे रौप्यपदक मिळवलं. गटसाखळीची ही पद्धत ऑलिंपिक बॅडमिंटनमध्ये त्याच वर्षी आली होती. आधीची सरळ बाद फेरी असती, तर असा हिशेब करायची वेळच आली नसती. अर्थात जपानकडून हरल्यावर खेळही तिथेच संपला असता.

२०१३च्या इंडियन बॅडमिंटन लीगमध्ये ज्वाला आणि अश्विनी यांची आधारभूत किंमत ५० हजार डॉलर ठरली होती. लिलावात ती निम्म्यावर आणली गेली आणि हे दोघींना आधी कुणी सांगितलंही नाही. एकेरीच्या बड्या खेळाडूबाबत असं करण्याची कुणाची छाती झाली असती, असं मला वाटत नाही. त्याच लीगमध्ये सामन्याआधीच्या एका वादावरून भारतीय बॅडमिंटन संघटनेच्या शिस्तपालन समितीने तिच्यावर आजन्म बंदीची शिफारस केली. ज्वाला दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तिला खेळायची मुभा दिली. तिची जीभ तिखट होती, हे खरंच. भांडण मिटवण्यापेक्षा वाढवणं तिला अधिक जमायचं. पण त्या शिफारशीचा वरवंटा अपराधाच्या मानाने फारच जड होता.

बंदीचा विषय मागे पडल्यावर ती पुन्हा कोर्टवर उतरली. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, त्याच वर्षी उबेर चषकात भारतीय संघाबरोबर कांस्य, २०१५ला कॅनडा ओपनचं विजेतेपद. रिओ ऑलिंपिकला गटातले तिन्ही सामने गेले. त्यानंतर ती हळूहळू बाजूला झाली. आता हैदराबादजवळ तिची स्वतःची अकादमी आहे.

हैदराबादची प्रशिक्षणाची सगळी घडी एकेरीभोवती बसवलेली आहे, दुहेरीला वेगळा प्रशिक्षक हवा, हा पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झालेल्या गोपीचंदवरचा तिचा जुना आणि जाहीर आक्षेप. २०१५ साली मलेशियाचे टॅन किम हर दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आले. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी ही जोडी त्यांनीच जमवली. हे दोघे २०२३ साली जागतिक क्रमवारीत अव्वल ठरले. अश्विनी पॅरिस ऑलिंपिकला गोव्याच्या तनिशा क्रास्टोबरोबर खेळली. आणि २०२२ व २०२३ अशी सलग दोन वर्षं ऑल इंग्लंडची उपांत्य फेरी गाठणाऱ्या महिला जोडीत ट्रीसा जॉलीबरोबर होती गायत्री. गोपीचंदचीच मुलगी.