ढाल, वल्हे आणि मताधिकार

प्राचीन ग्रीस हा एक देश नव्हता. इ.स.पू. आठव्या ते चौथ्या शतकांच्या काळात भूमध्य आणि काळ्या समुद्राच्या काठाने हजाराहून अधिक ग्रीक नगरराज्ये नांदून गेली. त्यांतली बरीचशी इतकी लहान, की आपल्या एका तालुक्यात अशी अनेक मावली असती. तरीही प्रत्येकाचे कायदे वेगळे, उत्सव वेगळे आणि सैन्यही स्वतःचे. पगारी खडी फौज ठेवणे त्यांतल्या बहुतेकांना परवडत नसे. लढाईची वेळ आली की नागरिकच शस्त्र घेऊन उभे राहत. त्यामुळे राज्य कोणी करायचे आणि लढायचे कोणी, हे दोन प्रश्न तिथे एकमेकांत गुंतलेले होते. घोडदळावर विसंबणाऱ्या नगरात मूठभर श्रीमंतांची सत्ता येते, तर हलके पायदळ आणि आरमार सामान्यांच्या सत्तेला बळ देते, असे निरीक्षण अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात नोंदवले आहे. अथेन्स आणि स्पार्टा यांचा इतिहास त्या निरीक्षणाच्या उजेडात वाचला, तर ग्रीक नागरिकत्वाचे मोठेपण दिसते आणि त्यातला अन्यायही.

ढाल घेतलेला शेतकरी

या सैन्याचा कणा होता हॉप्लाइट, म्हणजे जड शस्त्रांचा पायदळ सैनिक. सुमारे ९० सेंटीमीटर व्यासाची लाकडी गोल ढाल, लांब भाला, शिरस्त्राण हे सारे त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायचे. सैनिक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहत आणि प्रत्येकाच्या ढालीचा डावा भाग शेजाऱ्याला आडोसा देई. रांग टिकली तर सगळे टिकत. अशा लढाईत एकट्या वीराच्या पराक्रमापेक्षा मध्यम शेतकऱ्याचे पाय रोवून उभे राहणे मोलाचे होते. साहजिकच कारभारातला वाटाही तो मागू लागला.

अथेन्समध्ये इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलनने कर्जापायी नागरिकाला गुलाम करण्याची चाल बंद केली आणि शेतीच्या उत्पन्नावरून नागरिकांचे चार वर्ग पाडले. जन्मापेक्षा उत्पन्न महत्त्वाचे ठरले. मात्र सर्वांत खालच्या वर्गाला, थीटांना, सभेत बसता येई, अधिकारपद मिळत नसे. इ.स.पू. ५०८ मध्ये क्लाइस्थेनिसने जुने कुळांचे गट बाजूला सारून १३९ गाव-वस्त्या दहा नव्या विभागांत वाटल्या. प्रत्येक विभागातून पन्नास असे ५०० सदस्यांचे मंडळ बसू लागले. सैन्याच्या तुकड्याही याच दहा विभागांनुसार उभ्या राहिल्या. ज्यांच्याबरोबर सभागृहात बसायचे त्यांच्याच बाजूला रणांगणावर उभे राहायचे, अशी ही घडी होती. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला तिने इराणी फौजेला मागे रेटले. तिथे पडलेल्या १९२ अथेन्सवासीयांना रणभूमीवरच एका टेकाडाखाली मूठमाती देण्यात आली.

वल्हवणाऱ्यांची सत्ता

पुढची उडी समुद्रावर पडली. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. ती नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात, हे थेमिस्टोक्लिसने सभेला पटवले. ट्रायरीम नावाच्या या नौकेवर १७० वल्हवणारे लागत. ज्याला ढाल परवडत नव्हती तो गरीब नागरिक आता वल्ह्यावर बसला, आणि इ.स.पू. ४८० मध्ये सॅलमिसच्या सामुद्रधुनीत त्याच्याच बळावर ग्रीकांनी इराणी आरमार मोडले.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत अथेन्सची लोकशाही पूर्ण फुलली. इ.स.पू. ४६२ मध्ये एफिआल्टिसने उमरावांच्या जुन्या मंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले. न्यायपंचांना मानधन मिळू लागले, त्यामुळे मजुरी बुडेल या भीतीने गरिबाला घरी बसावे लागेना. बहुतेक पदे सोडतीने भरली जात, कारण सोडतीत पैसा आणि घराणे चालत नाही. सेनापती मात्र मतदानाने निवडत. तिथे कसब हवेच होते. त्या काळातल्या एका अनामिक पत्रकाचा लेखक लोकशाहीचा कडवा विरोधक आहे. तरी जहाजे गरीबच चालवतात, तेव्हा सत्ता त्यांच्याकडे असणे रास्त आहे, हे त्यालाही मान्य करावे लागते.

या नात्याची खरी कसोटी इ.स.पू. ४११ मध्ये लागली. सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचे अतोनात नुकसान झाले होते. ती संधी साधून चारशे जणांच्या गटाने शहरात सत्ता बळकावली. आरमार तेव्हा सॅमोस बेटावर होते. तिथल्या नाविकांनी आणि सैनिकांनी ही सत्ता नाकारली, आपली सभा भरवली, संशयित सेनापती काढले आणि थ्रॅसिब्युलससारखे विश्वासू नेते निवडले. शहराने लोकशाही सोडली, पण ताफ्याने जपली. चारशेंची राजवट काही महिन्यांतच कोसळली.

या सत्तेची किंमत मात्र इतरांनी मोजली. इराणविरुद्ध जमलेल्या मित्रसंघाचे अथेन्सने साम्राज्य केले आणि संघाचा खजिना इ.स.पू. ४५४ मध्ये आपल्याकडे आणला. इ.स.पू. ४१६ मध्ये शरण आलेल्या मेलॉस बेटावरचे प्रौढ पुरुष मारून टाकले आणि बायका-मुले गुलाम केली. आपल्या सभेत समता पाळणारे लोक दुसऱ्याच्या घरात जुलूम करू शकतात, याचा एवढा स्पष्ट पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो.

दाराबाहेरचे

इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लिसच्या प्रस्तावावरून कायदा झाला, की आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तोच नागरिक. स्त्रियांच्या पोटी नागरिकत्व चालत आले, पण त्यांना मत नव्हते. बाहेरून येऊन स्थायिक झालेले मेटिक कर भरत, सैन्यात लढत, पण सभेबाहेरच राहत. अ‍ॅरिस्टॉटल स्वतः त्यांच्यापैकीच एक. पुढे रोगाच्या साथीत पेरिक्लिसचे थोरले मुलगे गेले, तेव्हा मिलेटसच्या अस्पेशियापासून झालेल्या मुलासाठी सभेला आपलाच कायदा शिथिल करावा लागला. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्जिनुसीच्या लढाईसाठी माणसे अपुरी पडली, तेव्हा गुलामांना वल्ह्यावर बसवून स्वातंत्र्य दिले गेले. गरज पडली की दार किलकिले होई, गरज सरली की पुन्हा बंद.

स्पार्टाचा आटत गेलेला आकडा

स्पार्टात दोन राजे, साठीपुढच्या अठ्ठावीस जणांसह त्यांचे ज्येष्ठमंडळ आणि दरवर्षी निवडलेले पाच एफोर अशी संतुलित व्यवस्था होती. मुलगा सात वर्षांचा झाला की त्याचे लष्करी शिक्षण सुरू होई. पण हा सारा डोलारा हेलट नावाच्या शेतगुलामांच्या घामावर उभा होता. सामुदायिक भोजनाचा आपला वाटा ज्याला देता येत नसे, त्याचे नागरिकत्व जाई, आणि जमीन थोड्यांच्या हाती जमत गेल्याने असे लोक वाढतच गेले. हिरॉडॉटसच्या सांगण्यानुसार इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाला ५,००० स्पार्टन नागरिक लढले आणि त्यांच्याबरोबर ३५,००० हेलट होते. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला केवळ ७०० नागरिक उतरले आणि थीब्जच्या एपामिनोन्डसने त्यांतले ४०० मारले. त्यानंतर मेसेनियातले हेलट मुक्त झाले आणि स्पार्टाचा दबदबा कायमचा संपला.

अथेन्सही फार मागे राहिले नाही. इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाला मॅसेडोनच्या फिलिपने थीब्ज आणि अथेन्सच्या संयुक्त फौजेला हरवले. इ.स.पू. ३२२ मध्ये अथेन्सचे आरमार मॅसेडोनकडून हरले आणि विजेत्या मॅसेडोनी सेनापती अँटिपेटरने २,००० द्राख्माची मालमत्ता नसलेल्यांचा मताधिकार काढून घेतला. ताफा गेला आणि त्याच वर्षी वल्हवणाऱ्यांचे मतही गेले.

जो लढेल त्याला सत्तेत वाटा, हे तत्त्व ग्रीकांनी मांडले आणि त्याने सामान्य माणसाला इतिहासात प्रथमच राज्यकर्त्याच्या जागी बसवले. पण कोणाचे लढणे मोजायचे, हे आत बसलेलेच ठरवत होते. प्लाटियाला उभे राहिलेले हेलट आणि ढाल घेणारे मेटिक त्या मोजणीत कधी आलेच नाहीत. युद्धातल्या उपयोगावर मिळालेला हक्क युद्ध हरताच हिरावला जातो, हा त्या इतिहासाचा निवाडा आहे. मताधिकार माणसाच्या कामगिरीचे बक्षीस नसावा, तो माणूस म्हणून असावा, हे सांगायला जगाला पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. ज्यांना तो जन्माने मिळाला आहे, त्यांनी त्याची किंमत विसरू नये.